‘तुझं किती आलं?’ : केमिस्ट्रीच्या पेपरनंतरचा पाऊण तास

बारावीच्या प्रिलिममध्ये एका मुलीचा केमिस्ट्रीचा पेपर चांगला गेला. दुपारी दोन वाजता वर्गातून बाहेर पडताना तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. पावणेतीनला ती घरी निघाली तेव्हा मात्र आपले सहा मार्क तरी नक्की गेले, अशी तिची खात्री झाली होती. दुसऱ्या दिवशी मॅथ्सच्या पेपरात तिने बरोबर सोडवलेली दोन गणितं स्वतःच्या हाताने खोडली. आणि केमिस्ट्रीच्या ज्या दोन उत्तरांपायी हे सगळं झालं, ती दोन्ही उत्तरं बरोबर होती.

मी तिची केमिस्ट्रीची शिक्षिका. पेपर मी काढला होता आणि तपासलाही मीच. त्या पाऊण तासात एक वाक्य माझंही होतं, ते पुढे येईल.

पेपर सुटला की मुलांचे घोळके जमतात आणि ‘तुझं किती आलं’ सुरू होतं. आम्ही शिक्षक आणि घरचे सगळे एकच सांगतो, चर्चा करू नका, पुढच्या पेपरला लागा. एकोणीस वर्षं मीही हेच सांगत आले. मुलं ऐकत नाहीत आणि ऐकणारही नाहीत. तीन तास एकट्याने मान खाली घालून लिहिल्यावर दुसऱ्याशी बोलावंसं वाटणारच. बोर्डाच्या पेपरानंतर त्या बोलण्यातलं खरं किती आणि खोटं किती हे सहसा कळत नाही, कारण अर्ज करून छायाप्रत मागवल्याशिवाय उत्तरपत्रिका आपल्या हाती येत नाही. प्रिलिमचं तसं नसतं. या वेळी सहा मुलांचं बोलणं, त्यांच्या उत्तरपत्रिका आणि दुसऱ्या दिवशीचा मॅथ्सचा गठ्ठा, हे सगळं मला एकत्र बघायला मिळालं. चर्चेने नुकसान होत नाही, ती ज्या तऱ्हेने केली जाते त्याने होतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

सहाही मुलांशी मी नंतर वेगवेगळं बोलले. लिहायला त्यांची आणि घरच्यांची परवानगी घेतली. नावं देत नाही, आणि कोण कुठे राहतं तेही बदललं आहे. कॉलेज परळ-दादरच्या पट्ट्यातलं, एवढं पुरे.

पेपर

पेपर बोर्डाच्याच धर्तीवर होता : ७० मार्क, तीन तास, लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर नाही. पहिल्या प्रश्नात दहा बहुपर्यायी, मग एकेका वाक्याची आठ उत्तरं, पुढे दोन-दोन, तीन-तीन आणि चार-चार मार्कांचे प्रश्न, त्यात पर्याय. प्रश्नपत्रिकेवर काही लिहायचं नाही, हा नियमही बोर्डासारखाच. वरवर किरकोळ वाटणारा हा नियम या प्रकरणात फार महत्त्वाचा ठरला. मुलं बाहेर येतात तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःचं उत्तर कागदावर नसतं, डोक्यात असतो तो एक आकडा. त्या आकड्याचं युनिट, त्याच्या आधीच्या चार ओळी, हे सगळं आत गठ्ठ्यात राहून गेलेलं असतं.

तीन मार्कांचे दोन प्रश्न या प्रकरणात येतात.

पहिला इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा. झिंक आणि सिल्व्हरच्या इलेक्ट्रोडचा सेल. झिंकचं प्रमाण विभव (म्हणजे ठरावीक परिस्थितीतला व्होल्टेज) उणे ०.७६ व्होल्ट, सिल्व्हरचं अधिक ०.८० व्होल्ट. सेलची अभिक्रिया लिहा, सेलचं प्रमाण विभव काढा, त्यावरून डेल्टा जी (म्हणजे अभिक्रियेतला मुक्त ऊर्जेचा बदल) काढा.

दुसरा कायनेटिक्सचा. फर्स्ट ऑर्डर अभिक्रिया, हाफ लाइफ (म्हणजे अर्धा पदार्थ संपायला लागणारा वेळ) २० मिनिटं, ९० टक्के पूर्ण व्हायला किती वेळ लागेल? उत्तर मिनिटांत हवं की सेकंदांत हे मी लिहिलं नव्हतं. माझ्या दृष्टीने दोन्ही बरोबर होतं, म्हणून लिहायची गरज वाटली नाही.

टपरीवर

कॉलेजच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक चहाची टपरी आहे. पेपर संपल्यावर मी झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. सहा जण टपरीच्या बाकड्यापाशी होते, तिघं बसलेले आणि तिघं उभे. त्यांचं निम्मं बोलणं मी ऐकलं, उरलेलं नंतर त्यांच्याकडूनच जुळवलं.

हिंदू कॉलनीत राहणारा मुलगा आमच्या वर्गातला सगळ्यात हुशार. हे मी मनापासून लिहिते, कारण पुढे वाचून कुणाला तो खलनायक वाटेल, आणि तो तसा मुळीच नाही. त्यानेच सुरुवात केली.

“सेलवालं किती आलं? दोन पॉइंट छत्तीस ना?”

“हो, माझं पण,” वडाळ्याची मुलगी म्हणाली.

“असंच काहीतरी होतं माझं,” शिवडीचा म्हणाला. वरळीच्या मुलीनेही मान हलवली.

लालबागची मुलगी, म्हणजे जिच्याबद्दल हे सगळं आहे ती, म्हणाली, “माझं एक पॉइंट छप्पन आलंय.”

“नाही गं. सिल्व्हर दोन आहेत ना, दोनने गुणायचं. एक पॉइंट साठ अधिक पॉइंट शहात्तर.”

“पण मी...”

“इक्वेशन बॅलन्स केलंस ना? मग?”

तिने बॅलन्स केलं होतं. पुढे बोलायला तिला काही सुचलं नाही.

मग ९० टक्क्यांचा प्रश्न निघाला. एकाचं सहासष्ट पॉइंट चार सहा, दुसऱ्याचं चार सात, तिसऱ्याने साडेसहासष्ट केलं होतं. ‘पॉइंटनंतरचं चालतं रे’ असं म्हणून तिघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. ती म्हणाली, “माझं तीन हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी.” आणि सगळे हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. “कायच्या काय! तीन हजार?” सहासष्टच्या पुढे तो आकडा ऐकायलाच विचित्र वाटत होता.

तिने सेकंदांत उत्तर काढलं होतं. फिजिक्सच्या सवयीने सुरुवातीलाच २० मिनिटांचे १२०० सेकंद केले होते. ६६.४७ ला ६० ने गुणलं की ३९८८ च येतात. त्या बाकड्याभोवती सहा जण होते, सगळे सायन्सचे, आणि हा गुणाकार कुणी करून बघितला नाही. मी प्रत्येकाला विचारलं, का नाही केलास? प्रत्येकाचं उत्तर साधारण सारखंच होतं, डोक्यात आलंच नाही. ती स्वतः म्हणाली, “मॅडम, मी सेकंदांत लिहिलंय हेच तेव्हा आठवत नव्हतं. फक्त आकडा आठवत होता.”

भांडुपचा मुलगा त्या पाऊण तासात जवळजवळ बोललाच नाही. दोन हातांत कटिंगचा ग्लास धरून उभा होता.

गेटवर

गठ्ठे घेऊन मी गेटपाशी आले तेव्हा ती मागून धावत आली. “मॅडम, सिल्व्हरचं दोनने गुणायचं होतं का?”

पेपर तपासून होईपर्यंत कुणाशी उत्तरांबद्दल बोलायचं नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम. सगळ्यांना सारखा न्याय मिळावा म्हणून. मी म्हणाले, “झालेला पेपर आता विसरा. उद्या मॅथ्स आहे, घरी जा.” तिच्या खांद्यावर हात ठेवून, प्रेमाने म्हणाले.

नंतर बोलताना तिने मला तोंडावर विचारलं, “तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत? विसरा म्हणालात, तेव्हा मला वाटलं गेले मार्क. बरोबर असतं तर तुम्ही हो म्हणाला असता ना?”

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. ‘विसरा’ हा शब्द मी शेकडो मुलांना सांगितला असेन. त्यांतल्या कितींनी त्याचा अर्थ ‘तुझं चुकलं’ असा घेतला असेल, हा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी

तिची आई पोळीभाजीचे डबे करते. संध्याकाळी सात ते नऊ घरात उभं राहायला जागा नसते, म्हणून ती चाळीच्या गॅलरीत अभ्यास करते. त्या संध्याकाळी तिने मॅथ्सचं पुस्तक उघडलं नाही. केमिस्ट्रीचं काढलं आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा धडा वाचत बसली. आणि नशीब असं की पुस्तकाने तिचा गोंधळ वाढवला. डेल्टा जीच्या सूत्रात ‘एन’ आहे, म्हणजे किती इलेक्ट्रॉन गेले-आले ती संख्या. तिथे दोनने गुणायचं असतं. ‘बघ, पुस्तकात पण दोन आहे’, असं तिने स्वतःला समजावलं. साडेआठला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वडाळ्याच्या मुलीने उत्तरांची यादी टाकली : सेल २.३६, नव्वद टक्के ६६.४७. खाली अंगठे पडत गेले. साडेबारापर्यंत ती जागी होती.

मॅथ्सचा गठ्ठा माझ्या सहकारी मॅडमनी तपासला. त्यांनी स्टाफरूममध्ये मला तिची उत्तरपत्रिका दाखवली. इंटिग्रेशन बाय पार्ट्सचं साधं गणित, एक्स गुणिले ई रेज्ड टू एक्स. तिने ते स्वच्छ अक्षरात पूर्ण बरोबर सोडवलं होतं, अगदी शेवटच्या ‘अधिक सी’सकट. त्यावर फूटपट्टीने दोन आडव्या रेघा मारलेल्या. खाली तेच गणित पुन्हा, पण मधलं वजाचं चिन्ह अधिक केलेलं. आणखी एका गणिताचं तसंच. फूटपट्टी घेऊन खोडलं होतं, घाईत फरकाटा मारला नव्हता, हे बघून मला फार लागलं. विचार करून, जबाबदारीने खोडलं होतं तिने ते.

का खोडलंस, असं विचारल्यावर ती म्हणाली, “काल जे मला बरोबर वाटत होतं ते चुकलं ना. मग आज जे बरोबर वाटतंय त्याचा काय भरवसा?”

गठ्ठा

केमिस्ट्रीचे पेपर मी त्या शनिवार-रविवारी तपासले. ते सहा पेपर मुद्दाम शेवटी ठेवले आणि टेबलावर ओळीने मांडून वाचले.

टपरीवर चार जणांचं २.३६ वर एकमत झालं होतं. उत्तरपत्रिकेत २.३६ फक्त दोघांनी लिहिलेलं होतं, हिंदू कॉलनीतल्या मुलाने आणि वडाळ्याच्या मुलीने. ‘असंच काहीतरी’ म्हणणाऱ्या शिवडीच्या मुलाचं उत्तर होतं ०.०४. झिंकच्या विभवातलं उणे चिन्ह त्याने सोडलं होतं आणि ०.८० तून ०.७६ वजा केले होते. मी त्याला पान दाखवलं तेव्हा तो खरोखर चकित झाला. टपरीवर तो खोटं बोलला नव्हता, त्याला आपलं उत्तर तसंच आठवत होतं. वरळीच्या मुलीने तर तो प्रश्न सोडवलाच नव्हता, बारांपैकी आठ सोडवायचे होते आणि हा तिने वगळला होता. मान मात्र तिने हलवली होती.

आणि भांडुपचा मुलगा. त्याने १.५६ लिहिलं होतं. डेल्टा जीसुद्धा बरोबर, उणे ३०१.०८ किलोज्यूल. म्हणजे सहा जणांत १.५६ दोघांचं आणि २.३६ दोघांचं. बहुमत नव्हतंच.

तू का बोलला नाहीस, असं मी त्याला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, “मॅडम, मला केमिस्ट्रीत कधी पस्तीसच्या वर पडलेले नाहीत. मी त्याला काय सांगणार? मला वाटलं माझं पण चुकलं.”

अमेरिकेतल्या सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञांनी १९५१ च्या सुमारास केलेले प्रयोग मी बी.एड.ला असताना शिकले होते. समोर रेघा, कोणती रेघ कुणाएवढी आहे ते सांगायचं, डोळ्यांना स्पष्ट दिसणारी गोष्ट. पण खोलीतली बाकीची माणसं, जी आधीच शिकवून बसवलेली असतात, एकमुखाने चुकीचं उत्तर देतात. अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं माणसं त्यांच्यासारखीच चुकीची देतात. मला आठवत होतं ते एवढंच. त्याचा दुसरा भाग मी विसरले होते. खोलीत बरोबर बोलणारा फक्त एक जण जरी असला, तरी गटाच्या मागे जाणं झपाट्याने कमी होतं. टपरीवर तो एक जण होता. तिच्यापासून दोन हातांवर उभा होता.

अजून एक गोष्ट त्या गठ्ठ्यात सापडली, आणि शिक्षक म्हणून तिने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. दहा बहुपर्यायी प्रश्नांची चर्चा टपरीवर अगदी चवीने झाली होती. ‘पहिल्याचं सी ना? चौथ्याचं ए?’ वडाळ्याच्या मुलीचे दहापैकी नऊ जुळले होते आणि ती खुशीत घरी गेली होती. उत्तरपत्रिकेत तिने दहाच्या दहा ठिकाणी फक्त अक्षर लिहिलं होतं. बोर्डाची सूचना प्रश्नपत्रिकेच्या पहिल्याच पानावर असते : अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहिलं पाहिजे, नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क नाही, आणि पहिला प्रयत्नच ग्राह्य. मी बोर्डाच्या नियमाने तपासलं. नऊ मार्क गेले. घोळक्यात अक्षर जुळतं की नाही हे विचारलं जातं, ते कसं लिहिलं हे कुणीच विचारत नाही. डेल्टा जीच्या उत्तराला युनिट लावलं का, लॉग टेबलची पायरी दाखवली का, समीकरणात अवस्था लिहिल्या का, हेही कुणी विचारत नाही. मार्क मात्र बहुतेक वेळा तिथेच जातात.

लालबागच्या मुलीला केमिस्ट्रीत ७० पैकी ५९ मिळाले. सहा जणांत तिचे सर्वांत जास्त.

२.३६ येतं कुठून

हे समजून घेतल्याशिवाय प्रकरण पूर्ण होत नाही, कारण ही चूक बिनडोक नाही. चांगला अभ्यास केलेलं मूलच ती करतं.

आमच्या बारावीच्या पुस्तकात इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या लगेच आधीचा धडा थर्मोडायनॅमिक्सचा. तिथे मुलं हेसचा नियम घोटून आलेली असतात. समीकरण दोनने गुणलं की डेल्टा एच, म्हणजे अभिक्रियेतली उष्णता, तीही दोनने गुणायची. ती सवय हातात बसलेली असते. मग सेल येतो. झिंक दोन इलेक्ट्रॉन देतो, सिल्व्हरचा एक आयन एकच घेतो, म्हणून सिल्व्हरचं समीकरण दोनने गुणावं लागतं. हात आपोआप ०.८० लाही दोनने गुणतो. ०.८० चे १.६०, त्यात ०.७६, झाले २.३६.

पण विभव म्हणजे ऊर्जा नव्हे. ती दर कूलॉममागची, म्हणजे विद्युतभाराच्या दर एककामागची, ऊर्जा आहे. इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट होते आणि कूलॉमही दुप्पट होतात, भागाकार तोच राहतो. पायरीपायरीने करून बघायचं असेल तर ऊर्जेत करावं. सिल्व्हरच्या आयनांच्या दोन मोलसाठी उणे दोन गुणिले ९६,५०० (एका मोल इलेक्ट्रॉनांचे कूलॉम) गुणिले ०.८०, म्हणजे उणे १,५४,४०० ज्यूल. झिंकसाठी तसंच, उणे १,४६,६८० ज्यूल. बेरीज उणे ३,०१,०८०. उणे चिन्ह काढून तिला दोन गुणिले ९६,५०० ने भागलं की बरोबर १.५६ व्होल्ट. दोन आहे, पण त्याची जागा ऊर्जेत आहे.

एवढं फळ्यावर लिहून भागत नाही, हे मला अनुभवाने माहीत होतं. प्रिलिमनंतरच्या पहिल्या तासाला मी घरून दोन सेल घेऊन गेले, घड्याळातला बारका पेन्सिल सेल आणि टॉर्चचा जाडजूड सेल. फिजिक्सच्या लॅबमधून मल्टिमीटर आणला. कुणाचा व्होल्टेज जास्त असेल? अर्ध्या वर्गाने मोठ्या सेलसाठी हात वर केला. मीटरच्या तारा मी हिंदू कॉलनीतल्या मुलाच्या हातात दिल्या. दोन्हींचं रीडिंग दीड व्होल्टच्या आसपास आलं. त्याने तारा काढल्या, पुन्हा लावल्या, सेल अदलाबदल करून बघितले.

“मग मॅडम, मोठ्यात जास्त असतं तरी काय?”

“तूच सांग. तो जास्त दिवस का चालतो?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आत माल जास्त आहे. म्हणजे इलेक्ट्रॉन जास्त. म्हणजे... एन तिथे आहे.” आणि लगेच मागे वळून लालबागच्या मुलीकडे बघत म्हणाला, “तुझं बरोबर होतं.” पेपर अजून वाटले नव्हते. मार्क कुणालाच माहीत नव्हते.

त्यानंतर

बोर्डाला जेमतेम महिना उरला होता. पोर्शन संपला होता, रिव्हिजनचे तास चालू होते. त्यातले पस्तीस मिनिटांचे आठ तास मी वेगळ्या पद्धतीने घेतले. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणारे एरिक माझुर १९९१ पासून असं काहीसं करत आले आहेत : प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर विचारायचं. मी त्यात आमच्या टपरीपुरती भर घातली. आधी प्रश्न मोठ्याने वाचायचा. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर आकडा, त्याचं युनिट आणि पहिली पायरी लिहायची. आणि ज्याचं उत्तर एकट्याचंच वेगळं असेल, त्याने सगळ्यांत आधी बोलायचं.

पहिले दोन दिवस वर्ग अवघडून बसला. वेगळं उत्तर आलेली मुलं चिठ्ठी मुठीत दाबून धरत होती. एका पालकांनी फोन करून विचारलं की पेपर सोडवून घ्यायचे सोडून हे काय चाललंय. वरळीच्या मुलीला हा प्रकार शेवटपर्यंत आवडला नाही. तिला सगळ्यांसमोर बोलायची धास्ती वाटते, आणि तिच्यासाठी मला अजून काही सापडलेलं नाही. भांडुपचा मुलगा तिसऱ्या दिवशी बोलला. त्याचं उत्तर चुकलेलं होतं. पण पहिली पायरी बरोबर होती, आणि हिंदू कॉलनीतल्या मुलाने ती पुढे नेऊन दाखवली. त्यानंतर तो बोलत राहिला.

माझ्या गेटवरच्या वागण्याबद्दल स्टाफरूममध्ये बरंच बोलणं झालं. एका सरांचं म्हणणं होतं की पुढचा पेपर बाकी असताना मुलाला त्याचं चुकलेलं उत्तर सांगणं चांगलं नाही, गप्प राहणंच बरं. त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण गप्प राहणं हेही मुलाच्या लेखी एक उत्तरच असतं, आणि घाबरलेलं मूल त्या गप्पपणाचा अर्थ नेहमी वाईटच लावतं, हे मी या मुलीकडून शिकले. आता कुणी विचारलं तर मी म्हणते, काढ प्रश्नपत्रिका, वाच प्रश्न, तू पहिली ओळ काय लिहिलीस सांग. मग विचारते, आत्ता कळायला हवंय की सगळे पेपर झाल्यावर? काही जण ‘नंतर’ म्हणतात, आणि निर्धास्त होऊन जातात. विचारलं, याचंच त्यांना बरं वाटत असावं. सरांना हे अजून पटलेलं नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांना ते अजूनही ‘विसरा’च सांगतात.

मॅथ्सच्या खोडलेल्या दोन गणितांचे मार्क तिला मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते. ती उत्तरपत्रिका तिने जपून ठेवली आहे.

फेब्रुवारीत बोर्डाचा केमिस्ट्रीचा पेपर झाला. माझी सुपरव्हिजन दुसऱ्या सेंटरवर होती, कॉलेजात परतायला चार वाजले. उन्हाने जिना तापला होता. तिसऱ्या पायरीवर लालबागची मुलगी आणि भांडुपचा मुलगा बसले होते, मध्ये प्रश्नपत्रिका पसरलेली, तिच्यावर कंपासपेटीचं वजन. तो वहीच्या पाठपानावर काहीतरी सोडवत होता.

मी थांबले. ती वर बघून म्हणाली, “मॅडम, एका प्रश्नाचं आमचं जुळत नाहीये. तुम्ही सांगू नका हं. त्याची दुसरी पायरी चालू आहे.”